घरातला सर्व्हर: तयार डबा घ्यावा की स्वतः असेंबल करावा?

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. घर नागपूरच्या प्रतापनगरला, वरच्या मजल्यावर. गुगलची फुकटची १५ जीबी केव्हाच भरली. फोटो, व्हिडिओ, वडिलांच्या शेतीची स्कॅन केलेली कागदपत्रं आणि जुन्या कॅसेटींवरून उतरवलेलं रेकॉर्डिंग मिळून दीड टीबीच्या आसपास डेटा आहे. चौथ्या पिढीचा आय-५ डेस्कटॉप घरात पडून आहे. बजेट ६० हजार. जुलैपासून नोकरीसाठी पुण्याला जायचं आहे, आई-बाबा नागपुरातच राहणार. अशा वेळी सिनॉलॉजी कंपनीसारखा तयार एनएएस (घरच्या नेटवर्कवर फाइली साठवणारा डिस्कचा डबा) घ्यावा, की त्याच पैशात चांगलं मशीन असेंबल करून त्यावर ट्रूनॅस (पीसीचा एनएएस करणारी सिस्टिम) टाकावं?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. आई-बाबांच्या घरात दोन डिस्कचा तयार डबा ठेवा, आणि जुना डेस्कटॉप पुण्याला घेऊन जा. धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांना, सीए ऑफिसांना आणि अलीकडे घरांनाही मी सर्व्हर बसवण्याची हीच कामं करून देतो. मला स्वतःला असेंबल केलेलंच मशीन जास्त आवडतं, तरीही तुम्हाला तयार डबा सांगतोय, म्हणून कारणं नीट मांडतो.

ही तुलना बहुतेक वेळा प्रोसेसर, रॅम आणि किमतीची होते. त्या तुलनेत तयार डबा हरतो, त्यात वादच नाही. २० ते ४० हजारांच्या रिकाम्या डब्यात साधा प्रोसेसर आणि मोजकीच रॅम मिळते, डिस्क वेगळ्या घ्यायच्या. त्याच पैशात सीताबर्डीच्या दुकानातून उभं केलेलं मशीन कितीतरी दणकट असतं. पण तुमच्या घरापुरता खरा प्रश्न वेगळा आहे. मे महिन्यात दुपारी अडीच वाजता ते मशीन बंद पडलं आणि तुम्ही हिंजवडीत कामात असाल, तर घरात कोण काय करणार?

तयार डबा असेल तर बाबा फोनवर सांगतील, 'स्टेटसचा दिवा नारिंगी लुकलुकतोय, बीप-बीप वाजतंय, डावीकडच्या डिस्कचा हिरवा आहे आणि उजवीकडचा नारिंगी.' एवढ्यावरून तुम्हाला कळतं की उजवीकडची डिस्क गेली. तोच निरोप तुमच्या फोनवरही आलेला असतो. नवी डिस्क मागवायची, ट्रे ओढून बदलायची, आणि रिपेअर तुम्ही पुण्यातून सुरू करायचं. असेंबल केलेल्या मशीनमध्ये हीच घटना कशी दिसते? पंखे फिरतात, पॉवरचा दिवा लागलेला असतो, पण नेटवर्कवर मशीन दिसत नाही. मग माळ्यावरून मॉनिटर काढा, केबल शोधा, कीबोर्ड लावा. पडद्यावर काळ्या पाटीवर पांढऱ्या ओळी येऊन थांबलेल्या असतात, आणि आई त्या ओळी एक-एक अक्षर करून तुम्हाला वाचून दाखवते. चार वेगळे पार्ट, चार वेगळ्या वॉरंट्या, आणि कोणता गेला हे ओळखणारा माणूस सातशे किलोमीटर दूर. हे होऊ शकतं म्हणून नाही सांगत. डिस्क, एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा भाग) आणि रॅम कधी ना कधी जातातच.

तुम्ही नागपुरातच राहणार असता तर माझं उत्तर उलट असतं. बोर्ड जळला तर असेंबल करणारा माणूस संध्याकाळी दुसरा आणतो, डिस्क जोडतो, रात्री घर चालू. तयार डब्याचा बोर्ड गेला तर डबा सर्व्हिस सेंटरमार्फत शहराबाहेर जातो, आणि परत येईपर्यंत तुमच्या हातात नुसत्या डिस्क उरतात. त्या काळात काय करायचं, हे घेण्याआधीच ठाऊक असलेलं बरं. सिनॉलॉजीच्या डिस्क आतून लिनक्सच्याच रेड (RAID, अनेक डिस्क एकत्र चालवण्याची पद्धत) आणि एलव्हीएम (डिस्कची जागा वाटण्याची पद्धत) यांवर बांधलेल्या असतात, त्यामुळे उबुंटू असलेल्या पीसीला जोडून त्यांतला डेटा काढता येतो. कंपनीनेच ती पद्धत दिलेली आहे. फक्त डबा घेताना डिस्कवर एन्क्रिप्शन लावलं असेल तर त्याची किल्ली वेगळ्या जागी जपून ठेवा, नाहीतर हा मार्ग बंद.

आता ऊन. नागपुरात हा मुद्दा प्रोसेसरच्या आधी यायला हवा. सिनॉलॉजीच्या घरगुती मॉडेलांच्या माहितीपत्रकात चालवण्याचं तापमान ० ते ४० अंश दिलेलं असतं, आणि ते खोलीच्या हवेचं तापमान असतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश असताना, स्लॅबखालच्या बंद खोलीत ४० चा आकडा सहज ओलांडला जातो. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत गरमी सोडत असतो, त्यामुळे रात्रीही सुटका नाही. डिस्कचं तापमान खोलीपेक्षा साधारण दहा अंशांनी जास्त असतं. म्हणजे खोली ४२ वर असेल तर डिस्क ५२ च्या आसपास. डिस्कवाले ६५ अंशांच्या आसपासची मर्यादा देतात, पण मी ५० च्या वर महिनाभर चालू द्यायला तयार नसतो.

तयार डबा इथे कमी पडतो, हे मान्य करायलाच हवं. त्यात दोन डिस्क एकमेकींना चिकटून असतात आणि मागे एकच छोटा पंखा, तोही आवाज कमी राहावा म्हणून हळू फिरवलेला. साध्या मिड टॉवर कॅबिनेटमध्ये पुढून १२० मिलिमीटरचे दोन पंखे थेट डिस्कवर हवा मारतात आणि तेच तापमान बरंच खाली येतं. असेंबल करणाऱ्यांना म्हणूनच सांगतो, छोट्या देखण्या कॅबिनेटच्या मागे लागू नका. आपल्या उन्हाळ्यात मोठं, रिकामं, जाळीदार कॅबिनेटच कामाचं.

तुमच्या तयार डब्यासाठी उपाय असा. सेटिंगमध्ये पंख्याचा क्वाएट मोड काढून कूल मोड लावा, आणि एप्रिल ते जून फुल स्पीडवर ठेवा. आवाज येईल, येऊ द्या. दुसरं, पॉवर शेड्यूल वापरा. दुपारी बारा ते सहा आई-बाबांना फोटो बघायची फारशी गरज नसते; त्या वेळात डबा आपोआप बंद आणि संध्याकाळी आपोआप चालू. उन्हाळ्यात सगळे गावाला गेले आणि घराला कुलूप लागलं तर डबा पूर्ण बंद ठेवा. चोवीस तास चालायलाच हवा असा घरातल्या सर्व्हरचा काही नियम नाही.

जागा निवडताना माळा नको, टीव्हीच्या शोकेसमधला बंद कप्पा नको, पश्चिमेची भिंत नको. आतल्या खोलीत, जमिनीपासून फूट-दोन फूट वर, चारही बाजूंनी हवा खेळेल असं ठेवा. आणि कूलरच्या झोतात तर मुळीच नको. लोकांना वाटतं कूलरसमोर ठेवलं तर मशीन थंड राहील. एका दवाखान्यातलं असं मशीन मी उघडलं तेव्हा पंख्याच्या पात्यांवर पांढऱ्या पुडीचा थर होता, यूएसबीच्या खाचा हिरवट पडल्या होत्या आणि रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर डाग होते. बोअरच्या पाण्यातला क्षार तुषारांबरोबर हवेतून थेट आत जात होता. कूलरच्या खोलीत ठेवायचंच असेल तर झोताच्या उलट बाजूला, भिंतीच्या आडोशाला ठेवा. पावसाळा लागला की मागच्या फटींतून किडे आणि मुंग्या आत शिरतात. दिवाळीच्या साफसफाईत आणि होळीनंतर, असं दोनदा ब्लोअरने साफ केलं की पुरतं. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, फिरू देऊ नका.

विजेचे दोन वेगळे मुद्दे आहेत. पहिला लाइन जाण्याचा. मे-जूनच्या वादळात लाइन जाते, येते, पुन्हा जाते. त्या झटक्यांनी डिस्कवरचं अर्धवट लिहिलेलं बिघडतं. घरात इन्व्हर्टर असेलच. त्याच्या मागे यूपीएस मोडचं बटण असतं, ते चालू आहे ना बघा. नुसत्या इन्व्हर्टर मोडमध्ये बदलाच्या क्षणी मशीन रीस्टार्ट होऊ शकतं. पण इन्व्हर्टर सर्व्हरला 'बॅटरी संपत आली' हे सांगू शकत नाही. त्यासाठी यूएसबी पोर्ट असलेला ६०० व्हीएचा यूपीएस घ्या. त्याची केबल डब्याला जोडली की बॅटरी संपायच्या आत तो व्यवस्थित बंद होतो. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर बरेच यूपीएस त्याची वीज स्वीकारतच नाहीत, सतत टकटक करत स्वतःच्याच बॅटरीवर जातात. साइन वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर हा त्रास नाही. उष्णतेने यूपीएसची बॅटरीही लवकर मरते, तेव्हा ती दोन-तीन वर्षांनी बदलावी लागणार हे धरूनच चाला. राउटर आणि फायबरचा डबाही बॅकअपवर हवा, नाहीतर सर्व्हर जिवंत असून पुण्यातून दिसणार नाही.

दुसरा मुद्दा बिलाचा. 'डेस्कटॉप पडलाच आहे, तोच चोवीस तास चालू ठेवतो' असं बरेच जण म्हणतात. १ वॅट वर्षभर चालू राहिला की ८.७६ युनिट होतात. दोन डिस्कचा तयार डबा साधारण २० वॅट घेतो, म्हणजे वर्षाला १७५ युनिट. तुमचा चौथ्या पिढीचा डेस्कटॉप डिस्कसकट ५५ वॅट धरला तर ४८० युनिट. युनिटला दहा रुपये धरून वर्षाला तीन हजारांचा फरक, पाच वर्षांत पंधरा हजार. नव्या असेंबल मशीनचं तसं नाही. इंटेलच्या एन १०० प्रोसेसरचं मशीन तयार डब्याइतक्याच विजेत चालतं. कंपन्यांमधून निघालेले छोटे रिफर्बिश्ड पीसी, लेनोवोचे टायनी किंवा डेलचे मायक्रो, तेही वीज कमी खातात, पण त्यांत साडेतीन इंची डिस्क बसत नाही. यूएसबी केसमध्ये दोन डिस्क लावून त्यांचं रेड करू नका. यूएसबीचा संपर्क क्षणभर सुटला की एक डिस्क रेडमधून बाहेर पडते.

किमतीचं आणखी एक सांगतो. २०२५ च्या शेवटापासून रॅम प्रचंड महाग झाली आहे, कारण मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळला. त्यामुळे 'स्वतः जुळवलं की स्वस्तच पडतं' हे जुनं गणित आज जसंच्या तसं लागू होत नाही. ट्रूनॅसला किमान ८ जीबी रॅम लागते, मोकळेपणाने चालवायला १६ हवी. दुकानात जायच्या आधी त्या दिवसाचा भाव विचारून घ्या.

तयार डब्याविरुद्धची सगळ्यात जड बाजू मात्र वेगळी आहे, आणि ती लपवणं मला बरोबर वाटत नाही. डबा तुमच्या घरात असला तरी त्याचे नियम कंपनी ठरवते. ऑगस्ट २०२४ मध्ये सिनॉलॉजीने डीएसएम ७.२.२ (त्यांच्या डब्यांची सिस्टिम) बरोबर व्हिडिओ स्टेशन हे व्हिडिओ बघायचं ॲप काढून टाकलं. ज्यांनी त्यासाठीच डबा घेतला होता ते बघत राहिले. एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केलं की नव्या प्लस मॉडेलांत आमच्याच मान्य डिस्क चालतील. लोक इतके चिडले की ऑक्टोबरमध्ये ते मागे घ्यावं लागलं. क्यूनॅप या दुसऱ्या कंपनीचे इंटरनेटवर उघडे ठेवलेले डबे जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने कुलूपबंद केले. आणि जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह डिस्क जगभरात एकाएकी रिकाम्या झाल्या. त्यांचे अपडेट २०१५ मध्येच थांबले होते, तरी लोकांनी त्या इंटरनेटला जोडलेल्याच ठेवल्या होत्या.

यातून मी दोन गोष्टी घेतो. एक, डबा कधीही राउटरवर पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडून बाहेर दाखवायचा नाही. डब्यातलं यूपीएनपी (पोर्ट आपोआप उघडणारी सोय) बंद करा, राउटरमधलंही बंद करा. बाहेरून बघायला टेलस्केल (तुमचीच मशीन आणि फोन खासगी नेटवर्कमध्ये जोडणारं ॲप) टाका. बऱ्याच फायबर कनेक्शनवर स्वतंत्र पब्लिक आयपी मिळत नाही, तिथेही ते चालतं, आणि तुमच्या-आईच्या-बाबांच्या फोनपुरतं फुकट आहे. दोन, अपडेट थांबले की त्या दिवसापासून डब्याचं इंटरनेट तोडायचं. असेंबल केलेल्या मशीनला ही अडचण नसते. डेबियन किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट (दोन्ही लिनक्सच्या सिस्टिम) दहा वर्षांच्या मशीनवरही नवीन आवृत्तीवर नेता येतं, आणि माझा जीव तिकडे ओढतो तो याचसाठी. पण ते नेणारा माणूस घरात लागतो.

काय घ्यायचं ते आता नेमकं. दोन कप्प्यांचा डबा. फोटो, फाइल आणि फोनचा बॅकअप एवढंच असेल तर एआरएम (मोबाइलसारख्या) प्रोसेसरचं स्वस्त मॉडेल पुरे. इमिच (फोटोंचं ॲप) किंवा जेलीफिन (व्हिडिओंचं ॲप) चालवायचं असेल तर इंटेलचं आणि रॅम वाढवता येणारं घ्या. कप्पे चार घेण्याचा मोह टाळा, दीड टीबीला दोन ४ टीबीच्या डिस्क भरपूर होतात. दोन्ही रेड १ मध्ये, म्हणजे एक गेली तरी दुसरीवर सगळं शाबूत. डिस्क सीएमआर (डेटाच्या पट्ट्या एकमेकींवर न चढवणाऱ्या) प्रकारच्याच घ्या. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या साध्या 'रेड' (Red, लाल) नावाच्या मालिकेत न सांगता एसएमआर (पट्ट्या एकमेकींवर चढवणाऱ्या) डिस्क येत असल्याचं उघड झालं होतं; RAID च्या दुरुस्तीत त्या रखडतात. त्यानंतर सीएमआरसाठी 'रेड प्लस' (Red Plus) हे वेगळं नाव आलं. सीगेटच्या आयर्नवुल्फही चालतील. दोन्ही डिस्क वेगवेगळ्या दुकानांतून घ्या, म्हणजे एकाच खेपेतला दोष दोन्हींत यायची शक्यता कमी. बिल पक्कं घ्या, आणि घरी आल्यावर आधी स्मार्ट रिपोर्टमध्ये (डिस्कने स्वतःच ठेवलेल्या नोंदीत) चालू राहिलेले तास बघा. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात वापरलेल्या सीगेट डिस्क तास शून्य करून नव्या म्हणून विकल्याचं उघडकीला आलं होतं. स्वस्त सीगेट डिस्क दिसली तर फार्म लॉगही (सीगेटची आतली वेगळी नोंद) तपासा; खरे तास बहुतेक वेळा तिथे सापडतात.

फाइल सिस्टिम बीटीआरएफएस निवडा आणि रोजचा स्नॅपशॉट (फाइलींची त्या क्षणीची स्थिती जपणारी नोंद) लावा. बाबांनी चुकून एखादं फोल्डर उडवलं तर कालचं परत आणता येतं. रेड हे काम करत नाही; उडवलेलं फोल्डर ते दोन्ही डिस्कवरून इमानेइतबारे उडवतं.

आता तुमचा जुना डेस्कटॉप. त्याचं काम पुण्यात आहे. त्यात ४ टीबीची एक डिस्क बसवा, डेबियन टाका, टेलस्केल टाका. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी चालू करायचा. त्याने नागपूरच्या डब्यातून नवीन काय ते ओढून घ्यायचं, आणि बंद. रोज चालत नाही म्हणून बिलाचा प्रश्न नाही. ओढून घेणारा तो आहे, नागपूरच्या डब्याला त्याचा पासवर्डच ठाऊक नाही, म्हणून डब्यात एखादा व्हायरस शिरला तरी तो पुण्याच्या डिस्कपर्यंत थेट पोचत नाही. ओढून घेताना आधीच्या काही आठवड्यांच्या प्रती राखून ठेवा, नाहीतर बिघडलेल्या फाइली चांगल्या फाइलींवर येऊन बसतील. वर्ध्याला किंवा अमरावतीला आत्या-मावशीकडे एक यूएसबी डिस्क ठेवणंही चालतं, पण तुम्ही स्वतःच दुसऱ्या शहरात जाताय, ही सोय वाया घालवू नका. शिवाय लिनक्स, झेडएफएस, डॉकर हे सगळं शिकायची हौस त्या मशीनवर भागवता येईल. तिथे काही मोडलं तर तुम्ही समोर बसलेले असाल.

पहिली प्रत मात्र नागपुरातच करा. दीड टीबी इंटरनेटवरून न्यायचं म्हटलं आणि अपलोड ५० एमबीपीएस मिळालं, तर सलग तीन दिवसांच्या आसपास लागतील, तेही लाइन न जाता. डेस्कटॉप आणि डबा एकाच राउटरला लॅन केबलने जोडले तर तेच काम गिगाबिटवर चार-साडेचार तासांत होतं. बारीक फाइली खूप असतील तर रात्रभर लागेल. वायफायवर करू नका. कॉपी झाल्यावर पाच-दहा फोटो, एक मोठा व्हिडिओ आणि एक सातबारा उघडून बघा. प्रवासात डिस्क कॅबिनेटमधून काढून कपड्यांच्या घडीत, स्वतःच्या हातातल्या बॅगेत ठेवा. ट्रॅव्हल्सच्या डिकीत नको.

निघायच्या आधी आई-बाबांना दोनच गोष्टी दाखवा: डबा बंद करायचं बटण किती वेळ दाबायचं, आणि दिवे कोणत्या रंगाचे असले की तुम्हाला फोन करायचा. दोन्ही मराठीत कागदावर लिहून डब्याच्या वरच्या भिंतीला चिकटवा. पासवर्ड त्या कागदावर नको, तो बाबांच्या कपाटातल्या पाकिटात ठेवा. मे महिन्याच्या आधी एकदा रजा काढून या, लाइनचं मेन स्वीच पाडून, इन्व्हर्टरही बंद करून, यूपीएसवर डबा नीट बंद होतो का ते बघा, आणि पंख्यावरची धूळ तेव्हाच काढून घ्या.